‘व्यक्तिमत्त्वा’चा आकडा देताना: अर्ज वाचणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या चुरशीच्या कॉलेजांत वांशिक पूर्वग्रह शिरू शकतो तो ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यातून, म्हणजे अर्ज वाचून विद्यार्थ्याच्या स्वभावगुणांना दिलेल्या आकड्यातून. प्रवेशात वंश पाहण्यावरून हार्वर्ड विद्यापीठावर झालेल्या खटल्यात आशियाई वंशाचे विद्यार्थी अभ्यासात सरासरीने पुढे, पण प्रवेश कार्यालयाने दिलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यांत मागे दिसले. खालच्या कोर्टाने यात हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. तरी फरक होता, आणि या रकान्याचा इतिहासही चांगला नाही. १९२०च्या दशकात हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांवर मर्यादा हवी होती. उघड कोटा जमला नाही, तेव्हा ‘चारित्र्य’ पाहण्यावर भर आला.

म्हणून आधी पुरावा, मग आकडा. जिज्ञासा, धैर्य, इतरांची काळजी कशात दिसेल, ते वाचायला बसण्यापूर्वी एकेका ओळीत लिहून ठेवा. अर्जातली एक तरी कृती टिपल्याशिवाय आकडा देऊ नका. कृती सापडली नाही तर ‘माहिती नाही’ लिहा. मधला आकडा ठोकून दिला, की पुढच्या फेरीत तो ‘यथातथा’ म्हणून वाचला जातो.

शिफारसपत्रात विशेषणे सोडा, क्रियापदे शोधा. ‘शांत, कष्टाळू, गणितात तल्लख’ यातून जवळपास काहीच कळत नाही. त्याच पत्रात खाली ‘नव्याने आलेल्या मुलीला तिने तीन आठवडे प्रयोगात सोबत घेतले’ असे वाक्य असू शकते, आणि नेमके तेच नजरेतून सुटते, कारण पहिल्या ओळीनेच डोक्यात साचा बसवलेला असतो. पत्र त्रोटक असेल तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला नको. अशी पत्रे लिहिणाऱ्या शाळेतल्या एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी शिफारस आहे, पण अनेक शाळांत ते कितीतरी जास्त असतात.

व्हायोलिन, गणित ऑलिंपियाड आणि डॉक्टर व्हायची इच्छा पाहून ‘एकसुरी’ लिहावेसे वाटले, तर दुसरे आडनाव कल्पून पुन्हा वाचा. मत बदलले तर शेरा खोडा.

अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज भरायच्या ‘कॉमन अॅप’मध्ये ऑगस्ट २०२३ पासून कॉलेजांना वंशाचा रकाना लपवता येतो, पण नाव आणि आईवडिलांचे जन्मस्थान दिसतच राहते. पहिल्या वाचनात तेही झाका. निबंधात वंशामुळे आलेला अनुभव असेल तर तो जरूर विचारात घ्या. वंश पाहून प्रवेश देणे बंद करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३च्या निकालानेही त्याला मनाई केलेली नाही. श्रेय मात्र त्यातून दिसलेल्या धैर्याला द्यायचे, वंशाला नाही.

दुसऱ्या वाचकाला पहिल्याचा आकडा दाखवू नका. गटवार सरासरी अर्ज न वाचणाऱ्या माणसाने काढावी. तफावत दिसली तर आकडे गटानुसार वरखाली करू नका, ते बेकायदा ठरेल. निकष आणि शेरे तपासा, आणि त्या फेरीतले सगळेच अर्ज नव्या वाचकाकडे द्या.