कार्ड घेण्याआधी स्पीकर बघा

परभणीत स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सप्त्याचे दिवस आले की रोज कोणीतरी म्हणतंच, “भाऊ, नवं मेमरी कार्ड घातलंय, पण वाजंना झालंय!” परवा जिंतूरकडचे एक काका आले. राखणीला शेतात न्यायचा जुना स्पीकर अन् त्यात पोरानं घातलेलं ६४ जीबीचं कार्ड. कार्डही अस्सल, स्पीकरही धडधाकट, पण जुळंना.

कार्डावर नखाएवढ्या जागेत ‘एचसी’ नाहीतर ‘एक्ससी’ छापलेलं असतं. एचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं, त्याची मांडणी, म्हणजे आत फाईली ठेवायची पद्धत, फॅट३२. त्याच्या वरचं एक्ससी, त्यात एक्सफॅट. जुन्या स्पीकरला अन् कीपॅड फोनला एक्सफॅट बहुधा वाचताच येत नाही. काकांना ३२ चं दिलं, हरिपाठ कॉपी केला, काउंटरवरच वाजला.

फॅट३२ ची खोड अशी, की एक फाईल ४ जीबीच्या वर मावत नाही. कार्ड रिकामं असलं तरी कीर्तनाचा मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही, तो याच्यापायी.

शूटिंगला ‘व्ही३०’ बघून घ्या. म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारच. पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुतेकदा वाचण्याच्या वेगाचा असतो. त्याला भुलू नका.

नकली मालात मीच पोळलोय. एका होलसेलवाल्याकडून १२८ जीबीची कार्डं स्वस्तात उचलली. त्यातलं एक फोटोग्राफरनं लग्नात वापरलं. हळदीच्या क्लिपा उघडल्या, अक्षता पडतानाची एकही नाही! नावं दिसतात, साइज दिसते, फाईल उघडंना. आत चिप ८ जीबीची, अन् कार्डाचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं. तोंड दाखवायची सोय उरली नाही. आता प्रत्येक कार्ड विकण्याआधी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या फुकटच्या सॉफ्टवेअरनं तपासतो. ते कार्ड काठोकाठ भरतं अन् परत वाचून पडताळतं. मोठ्या कार्डाला तासन्‌तास लागतात, लागू द्या. आपला डेटा आधी काढून ठेवा.

फॉरमॅट मारायचा तर कॅमेऱ्यातच मारा. चुकून फोटो उडाले तर कार्ड ताबडतोब बाहेर काढा, वर एकही नवा काढू नका. नोंद पुसली तरी फोटो बऱ्याचदा जागेवरच असतो, नवीन लिहिलं की जातो.

आणि कार्ड ‘लिहूच देईना’ म्हणून फेकायच्या आधी ते बारकं कार्ड ज्यात बसवतो त्या ॲडॉप्टरच्या डाव्या कडेची बारीक पट्टी बघा. ती खाली सरकली की कुलूप लागतं. नखानं वर ढकलली की झालं. त्याचे मी पैसे घेत नाही, कोणी चहा पाजला तर घेतो.