वालचंदांचं हॉक, सप्टेंबर १९४८ : डबा उघडण्याआधीची तयारी

कल्पित इतिहासातल्या विमानाचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल करायचं असेल तर जोडायच्या भागांचं किट मागवण्याआधी वहीत अर्धं पान लिहून काढावं. इतिहास नेमका कुठे आणि कोणत्या साली वेगळ्या वाटेला लागला, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढे रंगाच्या प्रत्येक बाटलीपाशी अडायला होतं. माझा नियम साधा आहे : खोटं एकदाच बोलायचं, बाकी सगळं खरं ठेवायचं. मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानावर तिरंगा फासून ‘समजा असं झालं असतं तर’ म्हणणारे पुष्कळ आहेत. बघायला मजा येते, पण पटत काही नाही.

आपल्याला सोलापूरकरांना तर असं खोटं गावातच मिळतं. वालचंद म्हटलं की सोलापूरकराला कॉलेज आठवतं. पण १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला. सोबतीला विल्यम पॉली हा अमेरिकन आणि म्हैसूर संस्थान. १९४१ मध्ये हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान तिथून उडालं आणि जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान. तोवर सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. हॉकची गाडी मोजक्या विमानांवर थांबली आणि कारखाना अमेरिकन सैन्याच्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. इथवर सगळं खरं. आता आपलं एकमेव खोटं : १९४२ मध्ये सरकारने हिस्सा घेतला नाही, बंगळूरला हॉक बनत राहिली आणि त्यांचं एक स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, १९४८ पर्यंत टिकलं. सप्टेंबरात निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत, म्हणजे ऑपरेशन पोलोत, मेजर जनरल चौधरींचं सैन्य सोलापुराहून नळदुर्गाकडे निघालं, तेव्हा गावाबाहेरच्या कच्च्या धावपट्टीवर ही विमानं उभी होती. या कारवाईत हवाई दलाने प्रत्यक्षात टेम्पेस्ट ही ब्रिटिश बनावटीची लढाऊ विमानं वापरली. आपण त्यांच्या शेजारी एक म्हातारं हॉक उभं करतोय, एवढंच.

म्हातारं हा शब्द वहीत अधोरेखित करून ठेवावा, कारण सगळी रंगसंगती त्यातूनच निघते. इंग्रजांच्या हवाई दलात या विमानाचं नाव मोहॉक होतं आणि त्यांनी ते १९४४ च्या सुरुवातीलाच निवृत्त केलं. म्हणजे १९४८ साली ते धडधाकट, झगमगीत दिसून चालणार नाही. वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, खालून करडा, तेही उन्हाने उडालेले. युद्धाच्या काळात इथल्या विमानांवरच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळातून लाल रंग काढून टाकला होता, जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून. गडद निळ्यात फिकट निळा असं ते वर्तुळ असे. १९४८ ते १९५० या काळात त्या जागी निळं अशोकचक्र आलं. आता जुनं वर्तुळ पुसायला तळावरच्या माणसाने काय केलं असेल? हाती आला तो हिरवा डबा उघडून त्यावर ओबडधोबड चौकोन मारला असेल आणि चक्र त्यावर काढलं असेल. पंखावरचा तो ताजा, किंचित वेगळ्या छटेचा हिरवा चौकोन हा या मॉडेलचा जीव आहे. बघणाऱ्याला तो दिसला की पुढचं सगळं तो मुकाट्याने खरं मानतो. म्हणून गडद हिरव्याच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या हव्यात, एकीत पांढऱ्याचे दोन थेंब टाकून विटवता येत असलं तरी.

स्क्वाड्रनचा क्रमांक असा घ्यावा, की जो १९४८ मध्ये कोणाचाच नव्हता. टेम्पेस्टचे क्रमांक ‘एचए’ने सुरू होत, तेव्हा ती अक्षरंही टाळावीत. चिन्ह म्हणून सिद्धेश्वराची काठी नाकावर काढायचा मोह सोलापूरकराला होणारच. शेपटीवर काढावी, लहान काढावी.

किट घेताना खोक्यावर ‘मोहॉक ४’ किंवा ‘एच-७५ ए-४’ लिहिलंय का, ते बघावं. नुसतं पी-३६, म्हणजे याच विमानाची अमेरिकन सैन्यासाठीची आवृत्ती, घेतलं तर आत चौदा सिलिंडरांचं ट्विन वास्प इंजिन आणि त्याचं नाक निघतं. बंगळूरच्या हॉकला नऊ सिलिंडरांचं राइट सायक्लोन होतं आणि त्याचं नाक आखूड आणि रुंद दिसतं. हे खोटं परवडणारं नाही, एक आधीच बोलून झालंय. १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, पंखांचा पसारा जेमतेम १६ सेंटीमीटर भरतो, १/४८ मध्ये २४ च्या आत. चक्राच्या चोवीस आऱ्या दिसायला हव्यात असं वाटत असेल तर १/४८ च घ्यावं.

चक्र बाजारात तयार मिळेल या आशेवर राहू नये. डेकल पेपर, म्हणजे छापलेलं चित्र पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचा कागद, बाहेरून मागवावा लागतो, छपाई इथेच करून घेता येते. लेझर प्रिंट बरी, इंकजेटची शाई पाण्यात उतरते, म्हणून तिच्यावर आधी वार्निशचा हात द्यावा लागतो. कोणताही साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तेव्हा चक्राखालचा पांढरा गोल आधी विमानावरच मास्किंग करून, म्हणजे आजूबाजूचा भाग टेपने झाकून, रंगवायचा आणि पारदर्शक कागदावरचं निळं चक्र वर बसवायचं. दुकानात तो गुळगुळीत कागद पुढे केला की ‘मशीनमध्ये अडकला तर कोण भरणार ओ?’ हे ऐकायची तयारी ठेवावी. कागद लेझरसाठीचाच आहे असं लिहिलेलं पाकीट सोबत न्यावं. एकाच पानावर चक्रं थोड्याथोड्या फरकाने पाच-सहा आकारांत मांडून न्यावीत, कोणता आकार शोभतो ते पंखावर ठेवल्याशिवाय कळत नाही.

रंग टामिया या जपानी कंपनीचे धरले तर एक्सएफ-५२ मातकट, एक्सएफ-८१ हिरवा आणि एक्सएफ-८३ करडा. थिनर ज्वालाग्राही, त्याचं पार्सल विमानाने येत नाही, रस्त्याने रखडत येतं, म्हणून ते सगळ्यात आधी मागवावं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर फक्त एअरब्रश, म्हणजे रंगाचा फवारा मारायचं साधन, धुवायला, प्लास्टिकला ते खातं. हजार, दीड हजार, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. नळाचं पाणी जड असेल तर डेकल सुकल्यावर भोवती पांढरे डाग राहतात, तेव्हा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन आणून ठेवावा.

आता खास आपल्या गावची दोन दुखणी. पहिलं ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर गेला की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकाशीच वाळतो, पृष्ठभागावर भुकटी होऊन पडतो आणि हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा लागतो. रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर आणा, रंग पातळ करा, दाब उतरवा, तरी पत्र्याच्या खोलीत दुपारी काही जमत नाही. कूलर लावला तर तो दमट वारा आणि धूळ दोन्ही अंगावर आणतो. दुसरं दुखणं तंतूंचं. पूर्व भागात राहणाऱ्याला सांगायला नको, मागाच्या शेजारी हवेतच सुताचे उडते तंतू असतात. ज्याच्या शेजारी माग नाही, त्याच्याही घरी टर्किश टॉवेल असतोच, आणि हात पुसायला सवयीने तोच ओढला जातो. ओल्या रंगावर त्याचा एक धागा बसला की १/४८ च्या मापात तो जाड दोरखंड दिसतो. रंगकामाच्या टेबलाशी टॉवेल नको, चादर नको. चष्मा पुसायचं गुळगुळीत फडकं हवं. रंगवलेले भाग झाकायला एक खोल प्लास्टिकचा डबा धुऊन कोरडा करून ठेवावा. किटच्या फ्रेम भांड्याच्या साबणाने धुवाव्यात आणि जेवणात शेंगाचटणी असेल तर हातही, तेलकट बोटाच्या ठशावर प्रायमर धरत नाही.

चाकांच्या मातीसाठी विकतच्या पावडरी लागत नाहीत. काळ्या रानातलं एक ढेकूळ आणावं. ही माती ओली असताना काळीभोर दिसते, पण वाळली की करडी-तपकिरी होते, आणि विमानावर दिसायला हवी ती हीच वाळकी छटा. खलात घोटून जुन्या मलमलीतून दोनदा चाळावी, मग मॅट वार्निशमध्ये कालवून चाकांवर आणि पोटाखाली लावावी. सप्टेंबर आहे, पाऊसकाळ आहे, तेव्हा चाकांवर हात सैल सोडला तरी हरकत नाही. पंखांवर मात्र माती नको, तिथे धुराचे पट्टे तेवढे.

मॉडेल कुठे मांडणार असाल तर खालच्या पाटीचा मजकूर आत्ताच लिहावा. कारखाना, सालं, सायक्लोन इंजिन, नळदुर्गाची चढाई हे खरं. हे स्क्वाड्रन आणि हे विमान कल्पित, असं स्पष्ट. चौकोनाची युक्ती साधली तर एखादा शाळकरी पोरगा हे सगळं खरं समजून वहीत उतरवून घेईल.

वेळेचं गणित असं बसतं : थिनर आणि डेकल पेपर दसऱ्याआधी मागवलेले, जोडकाम दिवाळीच्या सुट्टीत, रंग डिसेंबरच्या सकाळी पंखा बंद ठेवून. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा मोकळा सोडावा, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि टेबल तसंही आपलं राहत नाही. डेकल आणि शेवटचा मॅट हात त्यानंतर, शिवरात्रीच्या आत.