अभ्यासाच्या नोट्स: फोल्डर आणि टॅग वापरताना या चुका टाळा

एमपीएससीचा अभ्यास करताना ७३व्या घटनादुरुस्तीची नोट कुठे ठेवायची? राज्यघटनेत, पंचायत राजमध्ये की ग्रामीण विकासात? लागते तिन्हीकडे, आणि फोल्डर तर एकच जागा देतो.

मग पुष्कळ जण तिन्हीकडे कॉपी टाकतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय एकाच प्रतीत लिहिले जातात, बाकीच्या दोन तशाच राहतात आणि उजळणीला नेमकी अर्धवट प्रत हाती लागते. नोट एकच ठेवा, अभ्यासक्रमातल्या मुख्य घटकाच्या फोल्डरमध्ये. उरलेल्या दोन विषयांसाठी टॅग द्या, म्हणजे नोटमध्ये # लावून लिहिलेला शोधशब्द. गूगल ड्राइव्ह वापरत असाल तर कॉपीऐवजी शॉर्टकट करा.

फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, हेही नको. पेपर आणि घटक, एवढ्या दोन पायऱ्या पुरतात. विंडोजवर अनेक प्रोग्रॅम फोल्डरांच्या नावांसकट फाइलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपर्यंतच चालवून घेतात. त्यात काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात: ‘पंचायत’ दिसायला चार अक्षरं, मोजायला सहा. पत्ता लांबला की बॅकअप कॉपी होताना अडतो.

टॅगमधल्या चुका मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जास्त सांभाळा. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये #पंचायत राज असं लिहिलं तर टॅग फक्त #पंचायत एवढाच होतो. मधे जोडरेघ हवी. #पंचायतराज, #पंचायत-राज आणि #पंचायती-राज हे तीन वेगळे टॅग. त्याहून फसवं म्हणजे ‘ॲ’. एका कीबोर्डवर ते एकच अक्षर म्हणून उमटतं, दुसऱ्यावर ‘अ’, एक अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र असं. म्हणून मोबाइलवरचा #ॲक्ट आणि लॅपटॉपवरचा #अ‍ॅक्ट दिसतात सारखे, पण याद्या दोन होतात. ‘शेतकऱ्यांचे’मधल्या ‘ऱ्या’चंही तेच. अशी अक्षरं टॅगमध्ये टाळा. #कायदा लिहा, #शेतकरी लिहा.

फोल्डरचंच नाव टॅग म्हणून पुन्हा देऊ नका, त्यातून नवीन काहीच कळत नाही.

घोळ आधीच झाला असेल तर टॅगची यादी उघडा. प्रत्येक टॅगपुढे तो किती ठिकाणी वापरलाय याचा आकडा असतो. १ आकडा असलेले टॅग आधी तपासा: बहुतेक वेळा ते दुसऱ्या एखाद्या टॅगचंच चुकलेलं रूप असतं. योग्य रूप ‘टॅगयादी’ नावाच्या एका नोटमध्ये लिहून ठेवा आणि पुढे टॅग तिथूनच कॉपी करा.