ग्वाडलूप बासवर काम करायला टेक्सासला येताय?

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आम्ही माशाचा हिशेब हेक्टरी किलोत मांडायचो. रोहू, कटला, मृगळ. बीज किती सोडलं, वर्षाने माल किती निघाला. टेक्सासला एम.एस.साठी आले आणि पहिल्याच महिन्यात हातात आला वीतभर ग्वाडलूप बास. हा मासा वाढतो साधारण फूटभर. पण मध्य टेक्सासमधल्या एडवर्ड्स पठाराच्या चुनखडीतून वाहणाऱ्या मोजक्या नद्या सोडल्या, तर जगात तो मूळचा कुठलाच नाही. 1989पासून तो टेक्सासचा राज्यमासा आहे.

त्याचं दुखणं माणसाने, तेही चांगल्या हेतूने, दिलेलं. गळ टाकणाऱ्यांना मोठा मासा मिळावा म्हणून 1970च्या दशकात राज्याने या नद्यांत स्मॉलमाउथ बास हा त्याचा बाहेरचा जातभाई सोडला. दोघांचा संकर झाला, संकराची पिल्लंही प्रजननक्षम निघाली आणि शुद्ध ग्वाडलूप बास कमी होत गेला.

त्यामुळे इथलं निम्मं काम ओळखण्याचं आहे, आणि तिथे डोळ्यांवर विसंबू नका. लार्जमाउथ बास या दुसऱ्या जातभाईचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा जात नाही. एवढं दोन दिवसांत जमतं. संकर मात्र नजरेला फसवतो. पहिल्या मोसमात मी ‘शुद्ध’ म्हणून नोंदवलेले काही मासे जनुकीय तपासणीत संकर निघाले. तेव्हापासून डोळ्यांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा निकाल यांचे रकाने मी वेगळे ठेवते. त्या तपासणीसाठी माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, दर माशागणिक कात्री पुसायची, चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची. अल्कोहोलमध्ये पेनाची शाई विरघळते आणि दिवसभराची मेहनत निनावी होते.

मासे पकडायला पाण्यात वीज सोडतात. चुनखडीच्या पाण्यात क्षार भरपूर, वीज चटकन वाहते. म्हणून आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजा, मग व्होल्टेज ठरवा. पुराबद्दल तर मी हात जोडून सांगते. इथे मातीचा थर पातळ, खाली कातळ. पाऊस मुरत नाही, थेट नदीत येतो. 4 जुलै 2025च्या पुरात या भागात शंभराहून अधिक माणसं गेली. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला काय चाललंय ते पाहूनच पाण्यात उतरा. चमूतला एक जण जरी ‘बाहेर’ म्हणाला, तरी सगळ्यांनी बाहेर यायचं.

पैशाचं एक. असिस्टंटशिपचं, म्हणजे शिकताना विद्यापीठात काम करून मिळणाऱ्या पगाराचं, पत्र नीट वाचा. माझी नऊच महिन्यांची होती, आणि उन्हाळ्यात, ऐन नदीकामाच्या दिवसांत, पगार नव्हता. प्राध्यापकांना हे आधी विचारायला लाजू नका.

माझा या कामावरचा विश्वास जॉन्सन क्रीकमुळे बसला. ग्वाडलूप नदीच्या या उपनदीत वर्षानुवर्षं शुद्ध पिल्लं सोडली आणि संकर माशांचं प्रमाण खरोखर घटलं. बीज सोडणं मला शिरगावपासून ठाऊक होतं. ते नदीला तिचा मासा परत देण्यासाठीही सोडतात, हे इथे कळलं.

मागच्या सुट्टीत गावी, कृष्णाकाठी गेले, तेव्हा आजोबांना विचारलं, धरणाआधी आपल्या नदीत काय काय मिळायचं? वाम, मरळ, शिवडा, खडस... ते बोटांवर मोजत राहिले, मी वही काढली.