कॉलेजची नवी इमारत बांधायची आहे? आधी झोन दाखला काढा

संस्थेच्या सभेत नव्या इमारतीचा ठराव झाला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी आर्किटेक्टला फोन लावतो. महिन्याभरात एक रंगीत चित्र येतं. काचेचा दर्शनी भाग, हिरवळ, हातात पुस्तकं धरलेली हसरी मुलं. ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये लागतं आणि भूमिपूजनाला पाहुणेही ठरतात. मग नगररचना कार्यालयात कळतं की विकास आराखड्यात, म्हणजे कुठे काय बांधायचं हे ठरवणाऱ्या गावाच्या नकाशात, या जागेच्या मधोमध अठरा मीटरचा रस्ता आखलेला आहे. आमच्याकडे नेमकं हेच घडलं. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात बरीच वर्षं या फायली वाहिल्या आहेत. परवानगी अडते ती बहुतेक वेळा जमिनीच्या कागदांवर, इमारतीच्या नकाशावर क्वचित. म्हणून या लेखात जमिनीला जास्त जागा दिली आहे.

इथे लिहिलेलं महाराष्ट्रापुरतं आहे. मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजेच एमआरटीपी. त्याखाली डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला एकच नियमावली लागू आहे. ती म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई, एमआयडीसीची क्षेत्रं, गिरिस्थानं, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेले पट्टे, लोणावळा असे काही भाग तिच्याबाहेर आहेत. मुंबईची २०३४ ची नियमावली वेगळी.

पहिली पायरी : परवानगी देणार कोण, ते ठरवा

महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत तीच संस्था नियोजन प्राधिकरण. काही पट्ट्यांत पीएमआरडीए किंवा सिडकोसारखं स्वतंत्र प्राधिकरण. बाकी प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, म्हणजे साधारणपणे खेड्यापाड्यांत, जिल्हाधिकारी. तिथे नगररचना विभागाच्या शाखा कार्यालयाचा अभिप्राय घेतला जातो. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. सरपंचांची सही आणि गोल शिक्का असलेलं पत्र फ्रेम करून ठेवलेली एक संस्था मला माहीत आहे. पुढे त्यांना अनधिकृत बांधकामाची नोटीस आली.

दुसरी पायरी : झोन दाखला आणि भाग नकाशा

दोन्ही काढा, एकावर भागवू नका. झोन दाखल्यात जमीन कोणत्या विभागात येते ते शब्दांत लिहिलेलं असतं. भाग नकाशात ती रंगात आणि रेषांत दिसते. डीपी रस्ता (विकास आराखड्यात आखलेला रस्ता), आरक्षण, नाल्याची रेघ या गोष्टी नकाशातच सापडतात. दाखल्यावर ‘रहिवास विभाग’ वाचून खूश झालेल्या माणसाला नकाशात अर्ध्या जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण दिसतं, तेव्हाचा चेहरा बघवत नाही.

एक खाचखळगा फार जणांना ठाऊक नसतो. अनेक गावांत गटवारी झाली, सातबाऱ्यावर गट नंबर आला. पण जुने आराखडे सर्व्हे नंबरांवर काढलेले असतात. अर्जात फक्त गट नंबर लिहिला तर दाखला भलत्याच तुकड्याचा निघू शकतो. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा उतारा काढून अर्जाला जोडा. सोबत चालू सातबारा, आठ-अ आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत. मोजणी शक्यतो ताजी असावी. शेजाऱ्याने बांध सरकवला असेल तर तो वाद मोजणीच्या दिवशीच निघालेला बरा, पाया खणताना नको.

रंग ढोबळमानाने असे वाचा. पिवळा म्हणजे रहिवास विभाग. इथे पुरेशा रुंद रस्त्यावर कॉलेज बसतं. सार्वजनिक-निमसार्वजनिक विभाग कॉलेजसाठी सगळ्यांत सोयीचा. हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास विभाग. हिरवा दिसला की लोक हात टेकतात, पण शैक्षणिक वापराला तिथेही अटींवर वाट आहे. चटई क्षेत्र, म्हणजे जमिनीवर एकूण किती बांधता येईल ते, मात्र कमी मिळतं, आणि जास्त हवं असेल तर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरावं लागतं. म्हणून आधी गणित करा : हव्या त्या वर्गखोल्या या चटई क्षेत्रात मावतात का? मावत असतील तर झोन बदलण्याच्या नादी लागूच नये.

झोन बदलायचाच असेल तर

विकास आराखड्यात हा बदल एमआरटीपीच्या कलम ३७ खाली होतो, प्रादेशिक योजनेत कलम २० खाली. प्राधिकरणाचा ठराव, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना, हरकती-सूचनांसाठी मुदत, सुनावणी, मग प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे. अंतिम मंजुरी शासनाची. आपल्याकडे प्रत्येक इमारतीसाठी शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी होत नाही. ती होते इथे. त्यामुळे रहदारी, पाणी, वसतिगृहाचा गोंगाट याबद्दल आजूबाजूचे काय बोलणार याचा अंदाज घ्या आणि सूचना छापून येण्याआधी त्यांना भेटून या. लेखी उत्तरापेक्षा अंगणात बसून घेतलेला चहा पुष्कळदा जास्त काम करतो.

याला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. महिन्यांची भाषा करणाऱ्या एजंटापासून लांब राहा. ‘झोनचं काय, होऊन जाईल’ हे वाक्य ऐकून जमीन घेऊ नका. घ्यायचीच तर साठेखतात झोन मंजुरीची अट घाला.

तिसरी पायरी : सातबाऱ्यावरचं ‘इतर हक्क’ वाचा

इमारत आतल्या आत अडकते ती इथे. आधी भोगवटादार वर्ग पाहा. वर्ग दोन (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, जमीन इनाम-वतनाची असेल, कूळ कायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महसूल खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. शिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि संस्था शेतकरी नसते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला यात सूट आहे.

संस्था सार्वजनिक विश्वस्त न्यास असेल तर १९५० च्या न्यास कायद्याचं कलम ३६ लक्षात ठेवा. स्वतःची जमीन विकायची, अदलाबदल करायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. इमारतीसाठी कर्ज काढायचं तरी तीच. कर्जमंजुरीच्या शेवटच्या आठवड्यात बँकेने हा कागद मागितला की सगळ्यांची धावपळ होते.

अकृषिक वापराचे नियम गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच सैल झाले. आराखड्यात आलेल्या जमिनीला जुन्यासारखी स्वतंत्र एनए परवानगी आता लागत नाही. तरी पैसे भरून अभिलेखात नोंद करून घेण्याचा भाग राहतोच. तो तहसील कार्यालयातून चालू पद्धतीप्रमाणे समजून घ्या.

आता रस्ता. ‘पूर्वापार वहिवाट आहे’ हे शेतीपुरतं ठीक. तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून जो रस्ता देतात, तो शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. त्यावर कॉलेजची बस न्यायचा हक्क मिळत नाही. नियमावली शैक्षणिक इमारतीसाठी ठराविक रुंदीचा पोहोचरस्ता मागते आणि तो कागदावर असावा लागतो. शेजाऱ्याकडून पट्टा विकत घ्यायचा असेल तर कॉलेज येणार हे गावात फुटायच्या आत घ्या. नंतर भाव ऐकून घाम फुटेल.

चौथी पायरी : आजूबाजूला काय आहे, ते पायी फिरून पाहा

ही पायरी कुठल्याही चेकलिस्टमध्ये नसते. एका सकाळी जागेभोवती चालत जा आणि दिसेल ते टिपा.

नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषा मागा. निळ्या रेषेच्या (नेहमीच्या पुराची हद्द) आत बांधकाम नाही; निळ्या आणि लाल रेषेमधल्या (लाल म्हणजे मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची हद्द) पट्ट्यात निर्बंध आहेत. केंद्र संरक्षित किल्ला, लेणं किंवा देऊळ असेल तर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम पूर्ण मना आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. आपल्या राज्यात किल्ले-लेण्यांचा तोटा नाही, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. विमानतळ असेल तर उंचीवर मर्यादा येते; लष्करी आस्थापनेची भिंत दिसली तर त्यांचंही ना-हरकत. रेल्वे, राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग, डोक्यावरून जाणारी उच्चदाब तार यांची अंतरं वेगवेगळी, आणि महामार्गावरून थेट फाटक काढायला त्या खात्याची वेगळी परवानगी.

झाडंही मोजा. शहरी हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पन्नास वर्षांहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. वडासाठी इमारतीचा कोपरा आत घेतला तर खर्च थोडा वाढतो, पण फाईल पुढे सरकते. मुलांना सावली मिळते ती वेगळी.

पाचवी पायरी : आता आर्किटेक्टला बोलवा

झोन, रस्ता, पूररेषा, आरक्षण हे सगळं एका नकाशावर उतरवून त्याच्या हातात द्या. मग त्याने काढलेलं चित्र टिकतं. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती उताराच्या कोपऱ्यात ढकलू नये. समासातली अंतरं (इमारतीभोवती सोडायची जागा), जिन्यांची संख्या आणि रुंदी, पर्जन्यजलसंधारण, रॅम्प, अपंगांसाठी स्वच्छतागृह हे नियमावलीप्रमाणे. वाहनतळाचा हिशेब मात्र स्वतः करा. नियमात बसणारी जागा आणि अकराच्या तासाला उभ्या असलेल्या दुचाकी यांत फार फरक असतो.

अग्निशमनाचं पहिलं ना-हरकत आराखड्याच्या टप्प्यावर घ्यायचं, शेवटचं इमारत उभी राहिल्यावर. सभागृह किंवा प्रयोगशाळा असेल तर अग्निशमन अधिकाऱ्याला कच्चा नकाशा आधीच दाखवा. जिना हलवायचा असेल तर तो पेन्सिलने हलवणं स्वस्त.

मोठ्या संकुलांसाठी एक महत्त्वाचं. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. २०१४ मध्ये शाळा, कॉलेज, वसतिगृहांना यातून सूट मिळाली होती आणि अजूनही काही सल्लागार ‘तुम्हाला ते लागत नाही’ असं सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक इमारतींची ही सूट रद्द केली आहे. संकुल टप्प्याटप्प्याने बांधणार असाल तर बेरीज पूर्ण संकुलाची धरा.

विद्यापीठाचं आणि परिषदेचं प्रकरण वेगळ्या रुळावर चालतं. नवं कॉलेज असेल तर ते विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात (कुठे कोणती कॉलेजं हवीत याच्या आराखड्यात) बसलं पाहिजे, आणि तंत्रशिक्षण, वैद्यक, फार्मसी यांच्या परिषदांचे जागेचे निकष वेगळे. नगररचनेने मंजूर केलेला वर्ग परिषदेला लहान वाटू शकतो. दोन्ही निकष समोर ठेवूनच खोल्या आखा.

सहावी पायरी : अर्ज, त्रुटी आणि साठ दिवस

अर्ज एमआरटीपीच्या कलम ४४ खाली, आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन, नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत जातो. सोबत मालकीचे कागद, मोजणी, झोन दाखला, भाग नकाशा, संस्थेचा ठराव, सहीचे अधिकारपत्र, रचना अभियंत्याचा दाखला, लागतील ती ना-हरकत पत्रं. ठरावात जमिनीचा नंबर आणि सही करणाऱ्याचं पद नीट लिहा. आमची एक फाईल केवळ ठरावात ‘सचिव’ आणि अर्जावर ‘कार्यवाह’ असल्याने परत आली होती.

त्रुटीपत्र येणारच, त्यात अपमान मानू नये. सगळ्या मुद्द्यांना एकदाच, क्रमांकवार उत्तर द्या आणि पोच घ्या. कायद्यात साठ दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचं मानण्याची तरतूद आहे. पण ते साठ दिवस तुमच्या शेवटच्या उत्तरापासून मोजले जातात आणि बांधकाम नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ते टिकतं. या तरतुदीच्या भरवशावर कॉलेज बांधायला मी कोणाला सांगणार नाही. नकार आला किंवा जाचक अट घातली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं, मुदत ४० दिवस. सुट्ट्यांच्या दिवसांत हे चाळीस दिवस भुर्रकन उडतात.

विकास शुल्क, अधिमूल्य असेल तर ते, आणि बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर भरला की प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, हातात येतं. त्याची मुदत एक वर्षाची, नूतनीकरण दरवर्षी. संस्थेत देणग्या थांबतात, काम रेंगाळतं आणि ही तारीख निघून जाते. कार्यालयातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

सातवी पायरी : जोत्यापासून भोगवट्यापर्यंत

जोतं झालं की तपासणी करून जोत्याचा दाखला घ्या, मगच वर चढा. मध्येच विश्वस्तांपैकी कोणाला एक मजला वाढवायची हौस आली तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. ‘नंतर नियमित करून घेऊ’ म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागा, म्हणजे तो गप्प बसेल.

काम संपल्यावर अग्निशमनाचं अंतिम ना-हरकत, उद्वाहनाचा परवाना, ड्रेनेजचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीचा, अर्ज. जूनमध्ये वर्ग भरवायचे असतील तर जानेवारीतच तयारी हवी. पूर्ण इमारत होत नसेल तर अंशतः भोगवटा मागता येतो. त्याशिवाय मुलांना आत बसवू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाणी जोडण्या द्याव्यात असं बजावलेलं आहे.

इमारत वापरात आल्यावर अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा. भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाच्या चार साक्षांकित प्रती करून ठेवा : एक बँकेत, एक विद्यापीठाच्या फायलीत, एक प्राचार्यांच्या कपाटात. चौथी प्रत शिपायालाही सापडेल अशा जागी, कारण तपासणी समिती नेमकी प्राचार्य रजेवर असताना येते.