नाकात मांस वाढलंय? नाक धुण्याची आणि स्प्रे मारण्याची नीट पद्धत

नाकात मांस वाढलंय हे कळलं की आधी ऑपरेशनचीच चर्चा सुरू होते. हे कोंब, म्हणजे पॉलिप, म्हणजे नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराला वर्षानुवर्षं राहिलेल्या सुजेतून आलेले फुगवटे. ते काढले तरी अस्तराची सूज शिल्लक राहते आणि तिच्यातून नवे उगवतात. म्हणून ऑपरेशन होवो वा न होवो, रोज नाक धुणं आणि स्टिरॉइडचा स्प्रे सुटत नाही. नेमकं हेच सर्वात जास्त चुकतं.

आधी निदान पक्कं करा. नाक चोंदणं, घट्ट शेंबूड किंवा तो घशात उतरणं, चेहरा जड वाटणं, वास न येणं यांपैकी निदान दोन तक्रारी १२ आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. पॉलिप सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतात. एकाच बाजूला वाढ किंवा त्याच बाजूने वारंवार रक्त येत असेल तर सीटी स्कॅन, आणि गरजेप्रमाणे तुकडा तपासणी, टाळू नका. तिथे गाठ किंवा बुरशीचा आजार असू शकतो. लहान मुलात पॉलिप दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची तपासणी करावी लागते.

नाक धुण्यासाठी २४० मिलीची दाबायची बाटली घ्या. आयोडीन नसलेलं मीठ ३ भाग आणि खायचा सोडा १ भाग मिसळून कोरड्या डब्यात ठेवा. २४० मिली पाण्याला या मिश्रणाचा १ सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, पुरतो. आपल्याकडे बिनआयोडीनचं मीठ शोधावं लागतं, त्यापेक्षा औषधाच्या दुकानातली तयार पुडी सोपी. नळाचं, बोअरचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी थेट वापरू नका. नाकात गेलेल्या दूषित पाण्यातून नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, आणि तो आजार बहुधा जीवघेणाच ठरतो. पाणी खळखळ उकळल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवा, झाकून कोमट होऊ द्या आणि मगच वापरा.

बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि अर्धी बाटली एका, अर्धी दुसऱ्या नाकपुडीत हलक्या दाबाने सोडा. झोंबलं तर बहुधा मिठाचं प्रमाण चुकलेलं असतं. मीठ कमी पडलं तरीही झोंबतं. पाणी पुढे जातच नसेल तर जोर लावू नका, पाणी कानात जाईल. शेवटी मान खाली घालून दोन्ही बाजूंना वळवा, उरलेलं पाणी गळू द्या. नाकपुडी दाबून न धरता हळूच शिंकरा. बाटली धुऊन उघडी वाळवा.

त्यानंतर १५ ते ३० मिनिटांनी स्प्रे. आधी मारला तर औषध धुऊन जातं. बाटली हलवा, मान किंचित पुढे वाकवा, आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा हात वापरा. हात उलटा घेतला की टोक आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिल्यास तिथे खपली धरते आणि रक्त येतं. हुंगताना जोरात ओढू नका, औषध थेट घशात जातं. मोमेटासोन या स्टिरॉइड स्प्रेचे प्रौढांसाठी साधारण प्रत्येक बाजूला २ फवारे, दिवसातून १ किंवा २ वेळा असतात. नेमका डोस डॉक्टरांनी ठरवलेलाच. फरक जाणवायला काही आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला २ ते ३ महिने. आठवड्याभरात उपयोग नाही म्हणून सोडणारे फार आहेत, आणि त्यांचं नुकसान होतं.

नाक लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब ५ दिवसांपलीकडे नकोत. ते सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घेऊनही उपयोग नाही, कारण मूळ दुखणं संसर्गाचं नसून सुजेचं आहे. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्यांनी पॉलिप झपाट्याने आकसतात आणि वास परततो, पण काही आठवड्यांत परिणाम ओसरतो. मधुमेह, काचबिंदू, पोटाचा अल्सर असेल तर आधी सांगा. जुनी चिठ्ठी दाखवून त्या पुन्हा घेऊ नका.

दमा असेल तर विशेष लक्ष द्या. पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिनची रिअ‍ॅक्शन काही जणांत एकत्र आढळतात. अशांना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकांनीही दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. पूर्वी असा त्रास झाला असेल तर तो प्रत्येक डॉक्टरला आणि औषध दुकानदाराला सांगा.

नीट उपचार करूनही नाक बंदच राहिलं, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने सायनसची तोंडं मोकळी केली जातात. त्याचा मोठा फायदा म्हणजे औषध आत पोहोचू लागतं. नंतर सर्जन सांगतील तोवर नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका. पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या पॉलिपसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. त्याचा नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी ३०० मिग्रॅ. ती महाग असतात, आणि बंद केल्यावर त्रास परतू शकतो.

डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, तापासोबत तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठरणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ स्राव टपकत असेल, विशेषतः ऑपरेशननंतर, तर सर्जनला लगेच फोन करा. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.