मध्यम आकाराची सेडान निवडताना गोव्यात होणाऱ्या या चुका टाळा

डिचोलीतल्या आमच्या घराच्या फाटकासमोर चिऱ्यांचा एक आखूड, पण उभा चढाव आहे. नवी सेडान घरी आणली त्या संध्याकाळी हार-नारळ झाल्यावर आई, वडील, पत्नी आणि मुलगी यांना बसवून मी गाडी आत घ्यायला गेलो, आणि चढावाच्या माथ्यावर गाडीचे पोट दगडाला घासल्याचा जो खरखरीत आवाज आला, तो अजून माझ्या कानांत आहे. घेण्याआधीची चाचणी-फेरी मी एकट्याने, सपाट हमरस्त्यावर, जेमतेम दहा मिनिटांची घेतली होती. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांबरोबर मी गाडी पाहायला गेलो आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याच त्याच चुका होताना पाहिल्या आहेत.

या वर्गात आज प्रामुख्याने होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या चार गाड्या विचारात घेतल्या जातात. मारुती सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ती आता केवळ वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळते. चारही गाड्या सुमारे साडेचार मीटर लांबीच्या आहेत आणि चारही चांगल्या आहेत, म्हणूनच निवड चुकते ती बहुधा तुलना करण्याच्या पद्धतीत.

चाचणी-फेरी एकट्याने घेणे

चालकाच्या आसनावरून कोणतीही नवी गाडी छान वाटते, पण कुटुंबाच्या गाडीचा खरा निकाल मागच्या आसनावर लागतो. सेडानची बैठक एसयूव्हीपेक्षा बरीच खाली असते. माझ्या आईचे गुडघे दुखतात, पहिल्या दिवशी दाराची वरची कड धरून ती कशीबशी आत बसली आणि म्हणाली, "अरे, ही तर पाटावर बसल्यासारखी बैठक." उतरताना तिला हात द्यावा लागला, आणि तो आजही द्यावा लागतो. म्हणून घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बरोबर घेऊन जावे आणि त्यांना तीनदा आत बसायला व बाहेर यायला सांगावे. पहिल्या वेळी माणूस संकोचाने "बरे आहे" म्हणतो, खरे काय ते तिसऱ्या वेळी कळते.

त्यानंतर मागे तीन प्रौढ माणसे बसवून पाहावीत. व्हर्टस आणि स्लाव्हिया या एकाच सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांत मागे दोघांना उत्तम आराम मिळतो, पण मधल्या माणसाच्या पायांशी गाडीच्या तळाचा उंचवटा येतो. व्हर्नाचे छत मागे उतरते आहे, त्यामुळे पाय पसरायला मुबलक जागा असली तरी उंच माणसाचे डोके छताला टेकते का, हे पाहणे आवश्यक आहे. आसनाची गादी मांडीला कुठपर्यंत आधार देते, हेही हाताने चाचपून पाहावे, कारण पणजीहून काणकोणपर्यंतच्या प्रवासात कंबर दुखते ती बहुतेक वेळा या अपुऱ्या आधारामुळे.

रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनचेही तसेच आहे. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी खड्ड्यांवर वेगळी वागतात, आणि मंद गतीत किंचित कडक वाटणारी गाडी वेगात स्थिर राहते, तर गावच्या रस्त्यावर मऊ वाटणारी गाडी महामार्गावरच्या चढउतारांत हेलकावे देऊ शकते. त्यामुळे फेरीत राष्ट्रीय महामार्ग ६६ चा एखादा सलग भाग आणि गावातला एक वळणाचा, अरुंद रस्ता, असे दोन्ही असावेत, असा आग्रह विक्रेत्याकडे जरूर धरावा. आग्रह धरला की तो सहसा मान्य होतो, असा माझा अनुभव आहे.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहून निश्चिंत होणे

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची. व्हर्टस आणि स्लाव्हियाचा तो १७९ मिलिमीटर, तर सिटीचा १६५ मिलिमीटर सांगितला जातो. हे आकडे बहुतेकदा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे आणि भरलेली डिकी यांच्या वजनाने गाडी चांगलीच खाली बसते. शिवाय पोट घासणे केवळ उंचीवर अवलंबून नसते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका उंचवट्याचा माथा गाडीच्या मध्यभागी लागण्याचा संभव वाढतो, आणि हे अंतर सिटीत २६०० मिलिमीटर, व्हर्टस-स्लाव्हियात २६५१, तर व्हर्नात २६७० मिलिमीटर आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा गतिरोधक असेल तर यातली कोणतीही गाडी सहज पार होते. अडचण होते ती वाड्यावाड्यांतल्या आखूड आणि टोकदार गतिरोधकांवर. दिवाडी किंवा चोडणला फेरीबोटीने जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीनुसार बदलणारा धक्क्याचा उतारही लक्षात घ्यावा, कारण तिथे बोटीची फळी आणि धक्का यांच्या सांध्यावर गाडीचे नाक टेकते.

गाडी आधीच घेतली असेल आणि ती घासत असेल, तर प्रथम टायरमधली हवा पाहावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यात पूर्ण भारासाठी वेगळा, जास्त दाब दिलेला असतो, आणि चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांचे, सामान भरून गावी निघण्यापूर्वी तो भरून घ्यावा. रुंद जागा असल्यास टोकदार गतिरोधक किंचित तिरका पार करावा. स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे बसवून गाडी उंच करून देणारे पुष्कळ भेटतात. तो उपाय मी कुणालाच सुचवणार नाही, कारण त्याने चाकांची भूमिती आणि वळणावरचा तोल बिघडतो व वॉरंटीचा वाद उभा राहतो.

अश्वशक्तीलाच कामगिरी समजणे

सिटीचे दीड लिटरचे इंजिन १२१ अश्वशक्ती देते, आणि व्हर्टसचे एक लिटरचे टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेणारे, इंजिन ११५. कागदावर सिटी पुढे दिसते. पण चढावर गाडी खेचते ती टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या, जोरावर, आणि तिथे सिटीचे १४५ न्यूटन-मीटर इंजिनच्या मिनिटाला ४३०० फेऱ्यांच्या आसपास मिळतात, तर व्हर्टसचे १७८ न्यूटन-मीटर १७५० फेऱ्यांपासूनच. चोर्ला किंवा अनमोड घाटात भरल्या गाडीने ट्रकला ओलांडताना हा फरक पायाला लगेच जाणवतो. दीड लिटरची टर्बो इंजिने आणखी जोरकस आहेत: व्हर्नाचे १६० अश्वशक्ती आणि २५३ न्यूटन-मीटर, व्हर्टस-स्लाव्हियाचे १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर.

याची दुसरी बाजू मात्र विक्रेता सांगत नाही. लहान टर्बो इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या खाली मरगळलेले असते, त्यामुळे म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहायचे झाल्यास सारखा पहिला गिअर टाकावा लागतो, आणि तिथे सिटीचे किंवा व्हर्नाचे बिनटर्बोचे साधे इंजिन जास्त सुखाचे ठरते. ज्यांची गाडी वर्षातले तीनशे दिवस घर ते कचेरी एवढीच धावते, त्यांनी १५० अश्वशक्तीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्यातून दोनदा बेळगावला जाणाऱ्याने मात्र ते मोजावेत.

गिअरबॉक्सचा विचार तर याहून कमी लोक करतात. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक पेटी, शहरात अतिशय गुळगुळीत चालते, पण घाटात जोरात दाबल्यावर इंजिनचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या दीड लिटरच्या गाड्यांतली सात गिअरची दुहेरी क्लचची पेटी झटपट आहे. तथापि तिच्यातले क्लच कोरडे असल्याने चढावर, रांगेत, इंच-इंच पुढे सरकताना ते तापतात. अशी गाडी असणाऱ्यांनी चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये, ब्रेक लावून थांबावे आणि पुढे गाडीभर जागा झाली की एकदम निघावे. धक्के बसू लागल्यास किंवा तापल्याची सूचना आल्यास सुरक्षित जागी थांबून गाडी काही वेळ निवू द्यावी. कोणत्याही ऑटोमॅटिक गाडीत घाट उतरताना हाताने खालचा गिअर निवडावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

मायलेज आणि किंमत यांची अर्धवट बेरीज

एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे मायलेज प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजतात. त्या आकड्यांवरून दोन गाड्यांचा क्रम ठरवावा, महिन्याचा खर्च मात्र ठरवू नये. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा प्रति लिटर सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणाच्या इंधनात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि नव्या गाडीचे मायलेज "पडले" अशी तक्रार करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. सिटीचा हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला बॅटरीवरही चालणारा, प्रकार शहरात खरोखर काटकसरी आहे, परंतु बॅटरीमुळे साध्या सिटीच्या ५०६ लिटरच्या डिकीतली सुमारे २०० लिटर जागा जाते. मोपा विमानतळावरून जहाजावरच्या भावाला चार पेट्यांसह आणायचे असेल, तर हे आधी मोजून घ्यावे.

किमतीच्या बाबतीत एक बदल अजून अनेकांच्या लक्षात आलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. पूर्वी उपकर धरून छोट्या आणि मध्यम सेडानवर हेच दर २९ आणि ४५ टक्के होते, म्हणजे डिझायर-अमेझसारखी छोटी सेडान आणि मध्यम सेडान यांच्यातली कराची दरी १६ वरून २२ टक्क्यांवर गेली. व्हर्टसचे एक लिटरचे इंजिन लहान असले तरी लांबीमुळे तीही ४० टक्क्यांतच मोडते. मागे नेहमी दोघेच बसत असतील आणि घाटाचा प्रवास क्वचित होत असेल, तर छोट्या सेडानचाही प्रामाणिकपणे विचार व्हावा. तुलना नेहमी ऑन-रोड किमतीची, एकाच श्रेणीच्या प्रकारांची, आणि पाच वर्षांचे सर्व्हिसिंग, विमा व टायर धरून करावी.

सुरक्षेच्या बाबतीत व्हर्ना, व्हर्टस आणि स्लाव्हिया या तिघींना ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या टक्कर-चाचण्यांत पाच तारे मिळाले आहेत. अडासच्या, म्हणजे कॅमेरा-रडारने चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेच्या, मोहात मात्र सर्वांत महाग प्रकार घेऊ नये. पट्टे नसलेल्या गावच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग मर्यादित आहे.

गोव्याचा पावसाळा हिशेबात न धरणे

चार महिन्यांची ओल आणि समुद्राचे खारे वारे गाडीला आतून-बाहेरून पोखरतात. मेअखेरीस गाडी उचलून खालचा भाग धुऊन पाहावा, दगडाने खरवडलेल्या जागी गंजरोधक लेप द्यावा, आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत अडकलेली आंब्या-फणसाची पाने काढावीत. ती कुजली की पाणी निघण्याची भोके बुजतात आणि पायाखालचा गालिचा भिजतो. एसीला कुबट वास येत असेल तर केबिन फिल्टर बदलावा आणि घरी पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतली कॉइल सुकते. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी ब्रेकच्या चकत्यांवर दिसणारा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो; त्यानंतरही कर्कश आवाज राहिला तरच गॅरेज गाठावे.

साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर किल्ली किंवा बटण पुन्हा दाबू नये. सेडानचा हवा ओढण्याचा मार्ग एसयूव्हीपेक्षा खाली असतो, सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असताना स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम विमा घेतानाच जोडावे लागते. घरातला कर्ता माणूस जहाजावर किंवा आखातात असल्याने महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाड्या गोव्यात पुष्कळ आहेत. अशी गाडी नुसती जागेवर चालू करून बंद करण्याने बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा कुणाकडून तरी ती निदान वीस मिनिटे रस्त्यावर फिरवून घ्यावी, हँडब्रेक ओढून न ठेवता चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी लावावी, आणि बाहेरून पाण्याची वाफ कोंडणारे प्लास्टिकचे आच्छादन पावसाळ्यात तरी घालू नये.